हुंडी, किल्ली आणि घड्याळ

महाराष्ट्रातून नव्याने आलेल्या पाहुण्याला मल्लेश्वरमातील काडु मल्लेश्वराच्या दर्शनाला नेले, की एका शब्दापाशी तो हटकून थांबतो. देवापुढील कुलूपबंद दानपेटीला इकडे हुंडी म्हणतात. पाहुण्याच्या लेखी हुंडी म्हणजे सराफाने लिहून दिलेला कागद. एका गावी पैसा भरावा आणि दुसऱ्या गावी त्या कागदावर तो मिळवावा. मग देवाच्या पेटीत सराफाचा कागद कसा शिरला, असे म्हणून तो हसतो, आणि आपणही त्याच्याबरोबर हसून पुढे जातो. परंतु जरा थांबून पाहिले तर असे दिसते, की ह्या दोन्ही हुंड्यांचे काम एकच आहे. पैशाला चोरापासून वाचविणे हेच ते काम. कागदाची हुंडी म्हणते, पैसा वाटेवर आणूच नका. पेटीची हुंडी म्हणते, पैसा येथे राहू द्या. पण कोणा एकट्याला ती उघडू देऊ नका.

ह्या देवळाशी आपले नाते जुने आहे. शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली आणि त्यांच्या मागे ती त्यांचे पुत्र व्यंकोजी ह्यांच्याकडे राहिली. मल्लपुराच्या मल्लिकार्जुनाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव व्यंकोजीराजांनी इनाम दिल्याचा १६६९ चा शिलालेख येथलाच आहे. तेव्हा मराठी माणसाने ह्या देवळाच्या ओट्यावर बसून पैशाच्या रक्षणाचा विचार करावा, ह्यात काही वावगे नाही. राजाने दिलेले गाव चोराला उचलून नेता येत नाही. भाविकाने टाकलेले नाणे मात्र नेता येते. स्थावराचे रक्षण लेखाने होते, जंगमाचे रक्षण कुलुपाने करावे लागते.

बँकांना दरोड्यापासून वाचविणाऱ्या यंत्रांचा इतिहास आपण बहुधा लोखंडाच्या जाडीचा इतिहास समजतो. भिंत जाड झाली, दार जड झाले, कुलूप अवघड झाले, अशी ती एक चढती कमान वाटते. माझे म्हणणे थोडे निराळे आहे. ह्या यंत्रांचा खरा इतिहास किल्ली कोणाच्या हाती असावी ह्या एका प्रश्नाचा इतिहास आहे. आणि त्या प्रश्नात केवळ पैसा नव्हे, तर किल्ली सांभाळणाऱ्या माणसाचा जीवही गुंतलेला आहे.

बँका नव्हत्या तेव्हा धन लपविणे हाच मुख्य उपाय होता. तळघर, भिंतीतला कोनाडा, चुलीखाली पुरलेला हंडा ही आपल्याकडची जुनी साधने. त्यांचे सारे बळ गुप्ततेत होते, आणि हीच त्यांची दुर्बलताही होती. ज्याला जागा ठाऊक त्याला पकडले की काम झाले. दरोडेखोर घरधन्याच्या अंगाला पलित्याचे चटके देत असत, ते त्या माणसाशी वैर म्हणून नव्हे. त्या घरात कुलूप नव्हते. तो माणूसच कुलूप होता.

सराफांनी ह्यावर जो तोड काढला तो मोठा बुद्धीचा होता. शाहजोग हुंडीची रक्कम वाटेल त्या धारकाला मिळत नसे. बाजारात पत असलेल्या शाहाला किंवा त्याच्यामार्फतच ती मिळे. वाटमाऱ्याने असला कागद लुटला तरी तो वटवावयास त्याला प्रतिष्ठित व्यापाऱ्याच्या पेढीवर उभे राहावे लागणार, आणि तेथे त्याला कोण ओळखणार? हुंडी हरवलीच तर पेंठ आणि तीही हरवली तर परपेंठ अशी दुसरी व तिसरी प्रत देण्याची वहिवाट होती. लोखंडाचा एक खिळाही न वापरता केलेली ही तिजोरीच म्हणावयाची. लुटीचा माल लुटारूच्या हातात निरुपयोगी करून टाकावा, हे तत्त्व येथे प्रथम दिसते.

पण हुंडीने पेढीची तिजोरी नाहीशी झाली नाही. कोठेतरी रोख रक्कम लागतेच. ठेवी घेणाऱ्या बँका निघाल्या तेव्हा तर हजारो लोकांचा पैसा एका छपराखाली साठू लागला. आपल्या मल्लेश्वरमाचेच उदाहरण घ्या. १८९८ च्या प्लेगनंतर जुन्या पेठेतील दाटी सोडून लोक येथील मोकळ्या हवेत राहावयास आले. वकील, शिक्षक, सरकारी नोकर अशी ही पगारदार वस्ती. पुरून ठेवण्याइतके मोठे धन ह्या लोकांपाशी नव्हते. महिन्याकाठी शिल्लक राहणारी थोडी रक्कम होती. अशांच्या बचतीला संस्थानात सुरक्षित जागा हवी होती. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून १९१३ मध्ये बँक ऑफ मैसूर निघाली. पुढे १९६० मध्ये ती स्टेट बँकेची उपबँक झाली आणि २०१७ मध्ये स्टेट बँकेतच विलीन झाली. शिल्लक उरलेले दहा रुपये घरच्या फडताळातून काढून परक्याच्या तिजोरीत नेऊन ठेवणे, ही त्या पिढीच्या मनातली केवढी क्रांती होती! त्या परक्या तिजोरीवर विश्वास बसावा म्हणून इंग्लंड, अमेरिका आणि मुंबई ह्या तिन्ही ठिकाणी आधीच एक दीर्घ खटाटोप होऊन गेला होता.

इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा ह्याने १७८४ मध्ये एका नव्या कुलुपाचे पेटंट घेतले. १७९० मध्ये तसेच एक कुलूप त्याने लंडनमधील आपल्या दुकानाच्या खिडकीत मांडले आणि ते किल्लीवाचून उघडणाऱ्यास २०० गिनी बक्षीस जाहीर केले. पुढे १८१८ मध्ये जेरेमाया चब ह्याने आणखी एक युक्ती शोधली. साध्या लिव्हरच्या कुलुपात किल्लीचे दाते आतल्या पट्ट्यांना नेमक्या उंचीवर उचलतात, तेव्हाच अडसर सरकतो. चबच्या कुलुपात एखादी पट्टी प्रमाणाबाहेर उचलली गेली, की कुलूप आतून अडकून बसे. मग मालकाने आपली किल्ली लावताच ते चटकन उघडत नसे आणि कोणी हात घातला होता हे त्याला कळे. चोराला अडविणारी कुलुपे पुष्कळ होती. हे कुलूप चोराची चहाडी करी.

साठ वर्षे ब्रामाचे कुलूप अजिंक्य राहिले. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनाला अमेरिकेहून आल्फ्रेड हॉब्ज नावाचा कारागीर आला. त्याने चबचे कुलूप २५ मिनिटांत उघडले, आणि मग ब्रामाच्या कुलुपाला हात घातला. ते उघडावयास त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. इंग्रजांच्या अभिमानाला केवढा धक्का बसला ह्याची वर्णने पुष्कळ आहेत. परंतु ह्या घटनेतला खरा धडा वेगळा आहे. हॉब्जला शांतपणे बसावयास जागा मिळाली होती, हवी ती हत्यारे मिळाली होती आणि कोणी पकडण्याचे भय नव्हते. कोणत्या चोराला ५१ तास मिळतात? अभेद्य कुलूप जगात नाही. कुलूप विकत देते तो वेळ. पहारेकरी फेरी घालून परत येईपर्यंतचा, सकाळी दार उघडेपर्यंतचा वेळ. आजही तिजोऱ्यांची प्रतवारी मिनिटांनी करतात: पटाईत माणसाने हत्यारांनिशी पंधरा मिनिटे झटून जी फुटत नाही ती एका प्रतीची, तीस मिनिटे टिकते ती त्याहून वरची.

हीच विद्या मुंबईत रुजविली ती अर्देशिर गोदरेज ह्यांनी. ते शिकले वकिली. पण अशिलासाठी सत्याशी तडजोड करणे त्यांना मानवेना, म्हणून ती त्यांनी सोडली. शस्त्रक्रियेची हत्यारे करण्याचा धंदा आरंभिला, तर त्यांवर हिंदुस्थानात बनल्याचा छाप घालावयास गोरा गिऱ्हाईक तयार होईना. तोही धंदा सुटला. मुंबईत घरफोड्या वाढल्याच्या बातम्या वाचून त्यांनी १८९७ मध्ये लालबागेत एका छपरीत कुलुपे करावयास घेतली, आणि १९०२ मध्ये त्यांची पहिली तिजोरी बाहेर पडली. कुलपाच्या पट्ट्या जागेवर दाबून धरणाऱ्या स्प्रिंगा आपल्याकडील दमट हवेत गंजतात आणि मोडतात. म्हणून स्प्रिंगांवाचून चालणारे कुलूप त्यांनी बनविले. विलायती कुलूप विलायती हवेसाठी केलेले असते, ही साधी गोष्ट ओळखणारा माणूस आपल्यात निघाला. तिजोरीला चोराप्रमाणे आगीचेही भय असते. १९४४ च्या एप्रिलात मुंबईच्या गोदीत स्फोट झाला तेव्हा होरपळलेल्या तिजोऱ्यांतून कागद शाबूत निघाले, आणि त्या नावावरचा लोकांचा विश्वास पक्का झाला. स्वराज्यातील पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लक्षावधी मतपेट्याही ह्याच कारखान्याने विक्रोळीत घडविल्या. टिळक स्वराज्य फंडाला तीन लाख रुपये देणाऱ्या ह्या पारशी गृहस्थाला कुलूप हा नुसता धंदा वाटत नव्हता, असे म्हणावयास हरकत नाही.

येथवर कुलूप चांगले झाले, तिजोरी मजबूत झाली. मग चोराने काय करावे? त्याने पोलादाचा नाद सोडला आणि तो पुन्हा माणसाकडे वळला. एव्हाना अमेरिकेतील बँकांनी किल्लीच नाहीशी केली होती. आकड्यांच्या कुलुपात तीन-चार चकत्या असतात. प्रत्येकीच्या कडेला एक खाच असते. बाहेरची तबकडी ठरलेल्या आकड्यांवर क्रमाने फिरविली, की सर्व खाचा एका रेषेत येतात, वरची पट्टी त्यांत पडते आणि अडसर मोकळा होतो. तबकडीवर शंभर आकडे आणि आत चार चकत्या असतील, तर हिशेबाने दहा कोटी जुळण्या होतात. चोरावयास किल्ली नाही, हूक घालावयास भोक नाही. पण आकडे कोणाच्या तरी डोक्यात असणारच. आणि डोके घरी जाते, जेवते, झोपते. १८७६ च्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्स प्रांतातील नॉर्थॅम्प्टन येथे बुरखे घातलेले दरोडेखोर बँकेत न जाता रात्री रोखपालाच्या घरी गेले. घरातील सर्वांना बांधून त्यांनी त्याचा छळ केला आणि आकडे वदवून घेतले. बँकेतून बारा लाख डॉलरांहून अधिक किमतीची रोख रक्कम व रोखे गेले. चुलीखालच्या हंड्याची आणि अंगाला दिलेल्या चटक्यांची आपली जुनी गोष्टच ही! मधल्या काळात तयार झालेल्या साऱ्या पोलादाला वळसा घालून चोर होता तेथे परत आला होता.

ह्यावरचा उपाय न्यूयॉर्क प्रांतातील रॉचेस्टर येथील जेम्स सार्जंट ह्याने दोन-तीन वर्षे आधीच शोधून ठेवला होता. त्याने दारात घड्याळ बसविले. संध्याकाळी दार बंद करताना अधिकारी आतल्या घड्याळाला तासांची किल्ली देतो: सायंकाळी पाचला बंद करून सकाळी नऊला उघडावयाचे असेल तर सोळा तासांची, मध्ये रविवार येत असेल तर त्याच्या हिशेबाने अधिक. तेवढे तास संपेपर्यंत बरोबर किल्ली लावा, बरोबर आकडे फिरवा, व्यवस्थापक स्वतः हात जोडून उभा राहो, दार हलत नाही. एक घड्याळ बंद पडून बँकच अडकू नये म्हणून पुढे अशा दारात बहुधा तीन घड्याळे ठेवू लागले. त्यांतले एक चालले तरी पुरे. १८७४ मध्ये इलिनॉय प्रांतातील मॉरिसन येथील बँकेत सार्जंटचे असे कुलूप बसले, आणि नॉर्थॅम्प्टनच्या दरोड्यानंतर त्यांचा प्रसार झपाट्याने झाला.

ह्या यंत्राने जे केले ते आधीच्या कोणत्याही यंत्राने केले नव्हते. आजवरचे कुलूप परक्याला अडवी. हे कुलूप मालकालाच अडवू लागले. आणि त्यातच मालकाचे रक्षण होते. ज्याला उघडता येत नाही त्याला छळून काय मिळणार? येथे विश्वेश्वरय्यांची पुन्हा आठवण होते. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असताना पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या तलावावर त्यांनी १९०३ मध्ये स्वयंचलित दारे बसविली. पाणी ठराविक पातळीवर आले की ती आपोआप उघडत आणि ओसरले की मिटत. रात्री-अपरात्री पुराच्या वेळी चौकीदार जागा आहे की नाही, हा प्रश्नच त्यांनी काढून टाकला. तेथे पाण्याने, येथे काळाने दार उघडावयाचे. दोन्हींत माणसाच्या हातून निर्णय काढून घेतला, तो त्याच्यावर अविश्वास म्हणून नव्हे, तर त्याच्यावर न पेलणारा भार पडू नये म्हणून.

मात्र ह्या उपायाला एक अट आहे. घड्याळ दारात आहे, हे चोराला ठाऊक हवे आणि त्याला ते पटलेही पाहिजे. नॉर्थॅम्प्टननंतर आठच महिन्यांनी, ७ सप्टेंबर १८७६ रोजी, मिनेसोटा प्रांतातील नॉर्थफील्डच्या बँकेवर जेसी जेम्सच्या टोळीने भर दुपारी दरोडा घातला. जोसेफ ली हेवुड हा बँकेतला नोकर त्या दिवशी रोखपालाच्या जागी बसला होता. तिजोरीला घड्याळी कुलूप आहे, मला उघडता येत नाही, असे त्याने सांगितले. भर दुपारी हे खरे नव्हते. आतली तिजोरी कुलूप न लावताच लोटलेली होती, असे मागाहून कळले. दरोडेखोरांनी ती ओढून पाहिली नाही. आणि जाता जाता त्यांनी हेवुडला गोळी घातली. ठेवीदारांचा पैसा बचावला, तो माणूस गेला. पूर्वीच्या साधनांचे बळ गुप्ततेत होते. ह्या साधनाचे बळ जाहीर सांगण्यात आहे. म्हणून तिजोरी ठरल्या वेळेआधी कर्मचाऱ्यालाही उघडता येत नाही, अशी पाटी दर्शनी जागी लावण्याची प्रथा निघाली. ती पाटी रोखपालाच्या अंगातले चिलखत आहे.

आपल्याकडे घड्याळापेक्षा दुसऱ्या उपायावर भर राहिला, तो दोन किल्ल्यांचा. रोकड ठेवण्याच्या खोलीच्या दाराला दोन कुलुपे आणि त्यांच्या किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे. दोघे समोरासमोर असल्यावाचून दार उघडत नाही. गिऱ्हाइकाच्या लॉकरलाही हेच तत्त्व लावले आहे. बँकेची किल्ली आधी फिरते, मग आपली. एकटीने एकीचेही काम होत नाही. वर दाराला आडवी साखळी लावून एका वेळी एकच माणूस वाकून आत येईल अशी योजना, रोखपालाभोवती जाळीचा पिंजरा, पायाने दाबावयाची घंटा, बंदूक घेऊन बसलेला निवृत्त शिपाई. ही सामग्री साधी खरी. पण तिची बैठक जुन्या सराफीचीच आहे, की एकट्याच्या हाती सर्व देऊ नये.

ती जेथे फसते तेथे काय फसते, हे पाहण्याजोगे आहे. २०१७ च्या नोव्हेंबरात नव्या मुंबईत जुईनगर येथे चोरांनी शेजारचा गाळा भाड्याने घेऊन बँकेच्या लॉकरच्या खोलीपर्यंत भुयार खणले आणि दुसऱ्या शनिवार-रविवारची सुट्टी साधून सुमारे ३० लॉकर फोडले. तेथे फसली ती जमीन. दाराची चिंता करता करता पायाखालचे राहून गेले. २०२५ च्या मेमध्ये विजापूर जिल्ह्यातील मनगुळी येथील एका बँकेतून, अशाच सुट्टीच्या दोन दिवसांत, गहाण ठेवलेले सुमारे ५९ किलो सोने गेले. भुयार नाही, भिंतीला भोक नाही. किल्ल्यांच्या नकला झाल्या होत्या, असे पोलिसांनी सांगितले. आणि त्यांनी पकडलेल्यांत त्या शाखेचा पूर्वीचा व्यवस्थापकच होता. न्यायालय काय ते ठरवील. पण दोन किल्ल्यांचे कुलूप दोन किल्ल्यांनी सुरक्षित होत नाही, दोन माणसांनी होते. दोन्ही किल्ल्या एका हाती आल्या, मग त्या आळसाने आल्या असोत, विश्वासाने असोत की कपटाने असोत, त्या क्षणी पोलादाचे दार फडताळासारखे होते.

आणि आपल्या ह्याच शहरातली एक गोष्ट विसरता येत नाही. २०१३ च्या नोव्हेंबरात कॉर्पोरेशन सर्कलजवळच्या एका एटीएमच्या खोलीत सकाळी एक बाई पैसे काढावयास गेली. तिच्यामागून आत शिरलेल्या माणसाने लोखंडी शटर ओढून घेतले आणि तिच्यावर कोयत्याने वार केले. ती वाचली, हे नशीब. पैशाचे यंत्र पोलादाचे होते, ते सुरक्षित राहिले. जे शटर रक्षणासाठी लावलेले, तेच चोराच्या उपयोगी पडले, कारण ते लावताना पैशाचा विचार झाला होता, आत उभ्या राहणाऱ्या माणसाचा झाला नव्हता. रोखपालाला घड्याळाने जे संरक्षण दिले, ते गिऱ्हाइकाला देणारे यंत्र त्या खोलीत नव्हते.

आता आकड्यांची जागा विद्युत्-यंत्रांनी घेतली आहे, आणि पैसा पुन्हा कागदही न राहता नुसता आकडा होऊन जुन्या हुंडीसारखा अदृश्यपणे गावोगाव फिरत आहे. तरी मल्लेश्वरमात लग्नसराई आली की बँकांच्या तळघरापाशी बायकांची रांग लागते. आजीच्या पाटल्या आणि आईचे मंगळसूत्र आकडा होऊन फिरू शकत नाहीत. लॉकरातील ऐवजाबाबत बँकांना हात झटकता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बजावले. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने नवे नियम केले आणि बँकेच्या हलगर्जीने किंवा नोकराच्या लबाडीने ऐवज गेला, तर भरपाईची मर्यादा लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पट ठरविली. आजीच्या पाटल्यांचे मोल त्या हिशेबात कितपत बसेल, हे ज्याचे त्याने ताडावे. पण निदान किल्ली सांभाळणाऱ्यावर जबाबदारी आहे, एवढे लेखी झाले.

देवळातील हुंडी उघडण्याचा दिवस आला, की पेटी एकटा पुजारी उघडत नाही. देवस्थानांच्या ज्या खात्याला इकडे अजून मुजराई म्हणतात, त्याच्या माणसांसमोर ती उघडतात. जमिनीवर पसरलेली नाणी चार जणांच्या डोळ्यांदेखत मोजली जातात. पुजाऱ्यावर कोणाचा संशय नसतो. उलट, उद्या कोणी संशय घेऊ नये म्हणूनच तो स्वतः चार माणसे बोलावून घेतो. पुढच्या खेपेस लॉकर उघडताना बँकेचा अधिकारी आपली किल्ली लावण्याआधी वहीत सही मागेल, तेव्हा आपण घाईने कपाळाला आठी घालू नये. त्या सहीला वेळ लागतो खरा. पण तेवढा वेळ विकत घेण्यासाठीच तर हे सारे कुलूप-किल्ल्यांचे शास्त्र जन्माला आले.